पानाआड पडलेला पाऊस

मित्रांनो, गुडघ्याएवढ्या उंचीचा, जस्ताच्या पत्र्याचा, पितळी कडा असलेला एक जुना पर्जन्यमापक तुमच्याशी बोलतो आहे. पर्जन्यमापक म्हणजे पाऊस मोजणारा. माझ्या डोक्यावर नरसाळे आहे, पोटात बाटली आहे. नरसाळ्यात पडलेला पाऊस बाटलीत जातो. रोज सकाळी साडेआठला कुणीतरी माणूस येतो, बाटलीतले पाणी काचेच्या मोजनळीत ओततो, आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. वहीत तीन रकाने असतात: तारीख, पाऊस, शेरा.

माझे सगळे आयुष्य या तीन रकान्यांत मावते. म्हणून सांगतानाही मी तसाच सांगणार आहे. मध्येच तुटलो तर रागावू नका.

*

तारीख आठवत नाही. पाऊस ० मिमी. शेरा: जन्म.

पुण्यातल्या एका कारखान्यात मला घडवले. माझी कडा घासून घासून अगदी धारदार केली, कारण बोथट कडेवर थेंब फुटतो आणि निम्मा बाहेर उडतो. घडवणारा कारागीर माझ्यावर बोट फिरवून म्हणाला होता, "झकास. याच्या तोंडून खोटं निघणार नाही."

त्याच्या त्या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटला. आता त्याची भीती वाटते.

*

मार्च महिना. पाऊस २२ मिमी. शेरा: फुलोरा.

माझी पहिली नेमणूक कर्नाटकातल्या कॉफीच्या डोंगरात झाली. मित्रांनो, कॉफीच्या झाडाला फूल यायचे तर उन्हाळ्याच्या तोंडाशी एक सर लागते. ती आली नाही तर कळ्या जागच्या जागी सुकतात. पूर्वी ही सर तिथल्या लोकांना तोंडपाठ होती, पुढे ती चुकू लागली. कधी तीन आठवडे उशिरा, कधी नाहीच. मग एका विमा कंपनीने तिथल्या लहान बागायतदारांसाठी हवामानाचा विमा काढला. अट सोपी होती: माझ्यात अमुक इतक्या मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडला, तर सगळ्यांना भरपाई. बागेत येऊन कुणी काही बघणार नाही. फक्त माझा आकडा.

त्या मार्चमध्ये माझ्यात बावीस मिलिमीटर पाऊस पडला, अटीपेक्षा जास्त, म्हणून भरपाई कुणालाच नाही. दरीच्या पलीकडे थेंबही पडला नाही. पलीकडच्या बागेचा मालक चालत आला, माझ्यावर वाकला, नरसाळ्यात बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या हातात सुकलेल्या कळ्यांची एक फांदी होती. ती त्याने माझ्या शेजारी मातीवर ठेवली आणि तो निघून गेला.

माझा आकडा खरा होता. त्याची फांदीही खरी होती.

भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले.

*

पुढे तिथे विजेवर चालणारी यंत्रे आली आणि मला उपटले. कॉफीच्या गोण्यांबरोबर ट्रकमध्ये बसून मी भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोदामात आलो. तिथे मी दीड वर्ष आडवा पडून होतो. वर पत्रा. पाऊस ऐकू यायचा, लागायचा नाही. मी तेव्हा फार दुःखी होतो असे तुम्हाला वाटेल. खरे सांगतो, मी सुखात होतो. माझ्या आकड्याची कुणी वाट पाहत नव्हते.

*

जून २००७. पाऊस ४ मिमी. शेरा: नवी जागा.

त्याच कंपनीने भातासाठी विमा काढला आणि मला शेलारच्या पुढच्या एका लहान गावात, ठकुबाई नावाच्या शेतकरणीच्या शेताच्या कडेला उभे केले. खाली चौथरा, भोवती चार हात लांब आणि चार हात रुंद तारेचे कुंपण. मला बसवायला भिवंडीहून चिंतामणी सर आले होते. शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ, कंपनीचे या गावासाठीचे प्रतिनिधी. त्यांच्या खिशात अजूनही शाळेतली लाकडी फूटपट्टी असायची.

ठकुबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"ह्यो डबा पावसाला बोलावनार काय, मास्तर?"

"बोलावणार नाही, मावशी. आला की मोजणार."

"मोजून काय करनार? जादा झाला तर परत धाडनार?"

सर हसले, पण त्यांनी नीट समजावून सांगितले. इकडे भीती कमी पावसाची नव्हती. भीती होती ऑक्टोबरची. भात कापून दोन-तीन दिवस शेतातच पसरून वाळवतात. पूर्वी दसऱ्यानंतर आभाळ मोकळे असायचे. आता पाऊस निघून जायची तारीख पाळीनासा झाला आहे. कापलेल्या भातावर तो पडला की लोंब्यांना जागच्या जागी मोड येतात. म्हणून अट अशी होती: ऑक्टोबरात लागोपाठ दोन दिवसांत माझ्यात साठ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला, तर गावातल्या चाळीस घरांना भरपाई. एकोणसाठ पडला तर नाही.

"म्हंजे पडायचा तर दाबून पडू दे," ठकुबाई म्हणाली, "न्हायतर पडूच नको. आसंच ना?"

"अगदी असंच," सर म्हणाले.

मी मनात म्हटले, आणि मधला पडला तर?

*

माझा आकडा वाचायचे काम ठकुबाईच्या दिराकडे, चांगदेवकडे आले. तो यंत्रमागावर रात्रपाळी करायचा. आठला सुटायचा आणि केसांत, भुवयांत कापसाची तूस घेऊन तसाच सायकलवरून माझ्याकडे यायचा. डोळे झोपेने मिटत असायचे. पण मोजनळी डोळ्यांच्या रेषेत धरल्याशिवाय त्याने कधी आकडा लिहिला नाही. गावातली माणसे त्याला चिडवायची, "काय चांगदेव, आज इंद्राची हजेरी लावलीस काय?" तो म्हणायचा, "लावली. आज गैरहजर हाय."

ते पहिले वर्ष चांगले गेले. ऑक्टोबर कोरडा गेला. मला वाटले, आपली भीती उगाच होती.

*

जून २००८. पाऊस ३१ मिमी. शेरा नाही.

शेरा नाही. पण असायला हवा होता.

ठकुबाईच्या घरची एक रीत होती. पावसाळ्यात कुंपण रिकामे ठेवायचे नाही. काकडी, पडवळ, दुधी, काहीतरी त्यावर चढलेच पाहिजे. घराभोवतीच्या साऱ्या काटेरी कुंपणांवर वेल चढवून झाले. माझ्या भोवतीची तार तेवढी उघडी राहिली होती. ते तिच्या डोळ्यांना बरे दिसेना. तिने माझ्या कुंपणाच्या बुंध्याशी शिराळ्याच्या, म्हणजे दोडक्याच्या, चार बिया खोचल्या आणि हात झटकत मला म्हणाली, "येकलाच हुबा असतोस. तुना बी सोबत झाली."

तिने ते मायेने केले, मित्रांनो. हे मला आवर्जून सांगायचे आहे.

जुलैत वेल तारेच्या वरच्या पदरावर पोचला. ऑगस्टात पिवळी फुले आली. सप्टेंबरात एक हिरवा तंतू तार सोडून आत वळला आणि हवेत काहीतरी शोधू लागला. त्याला डोळे नव्हते. पण रोज तो माझ्याकडे बोटभर सरकत होता.

एका सकाळी तो माझ्या कडेला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने एक वेढा घेतला. तिसऱ्या दिवशी दुसरा. मग त्याच्या मागून पान आले. आधी कानाएवढे, मग तळव्याएवढे, मग माझे अर्धे तोंड झाकेल एवढे.

मला ओरडता येत नाही. माझे तोंड फक्त वर उघडते.

चांगदेवने ते पान पाहिले नाही असे नाही. रोज पाहिले. त्या घरची दुसरी रीत अशी की फळावर आलेल्या वेलाला, तो ज्याने लावला त्याच्याशिवाय दुसऱ्याने विळा लावायचा नाही. वेल वहिनीचा होता, तारेवर लांबसडक शिराळी लोंबत होती, आणि जाताना दोन शिराळी चांगदेवच्या पिशवीत पडत होती. म्हणून तो रोज एका हाताने पान हळूच बाजूला करायचा, नरसाळे उचलायचा, बाटली काढायचा, आकडा लिहायचा, आणि पान होते तिथे परत ठेवायचा.

अगदी जपून. झोपलेल्या लेकरावर चादर ओढावी तसे.

*

१३ ऑक्टोबर. पाऊस ० मिमी. शेरा नाही.

भात कापून शेतभर पसरले होते. बांधावर ठकुबाई आणि तिचा मुलगा मनोज बोलत होते. मनोज राहनाळच्या गोदामांत माल चढवण्या-उतरवण्याचे ठेके घ्यायचा. त्याला हे शेत गोदामासाठी द्यायचे होते.

"आये, आजूबाजूला बघ. तिन्ही अंगाला भराव पडला. तुझं येकच शेत खड्ड्यावानी राहिलं."

"खड्ड्यातच भात होतं, गोदामात न्हाय."

"आन् ते बी सालाआड भिजतं."

ठकुबाईने पसरलेल्या भातावरून नजर फिरवली. मग म्हणाली, "आयक. यंदा भात हाती आलं, तर शेत माझं. भात गेलं पन इमा आला, तरी शेत माझं. परत पेरीन. दोनी गेलं..."

"दोनी गेलं तर?"

"तर तुझी दोरी आन् तुझा चुना. आख तुझ्या गोदामाची रेघ. मी आडवी येनार न्हाय."

मनोज बघत राहिला. आईने शब्द दिला की फिरवत नाही, हे त्याला माहीत होते. मलाही माहीत होते. तो शब्द तिने माझ्यावर हात टेकवूनच दिला होता. तिच्या बोटांखाली ते पान होते.

*

१४ ऑक्टोबर. दुपारी तीन.

आभाळ काळे झाले. कामतघरच्या अंगाने वारा आला आणि मग पाऊस—

पान थरथरले. पहिला थेंब पानावर. दुसरा पानावर. पाणी पानाच्या शिरांवरून घरंगळत टोकाशी गेले आणि माझ्या बाहेर, मातीत पडले. मी अर्ध्या तोंडाने पीत होतो. उरलेला पाऊस माझ्या अंगावरून, माझ्या शेजारून, माझ्या डोळ्यांदेखत जात होता. शेतात बायका-माणसे धावत होती. कुणी प्लास्टिक ओढत होते, कुणी भात उचलून बांधावर टाकत होते. पाऊस संध्याकाळ होईपर्यंत कोसळत होता आणि मी मोजत होतो, आणि मला कळत होते की मी चुकीचे मोजतो आहे—

*

१५ ऑक्टोबर. सकाळी साडेआठ.

चांगदेव आला. मागोमाग ठकुबाई, मनोज आणि शेजारची मैना. शेतात घोट्याएवढे पाणी होते. भात त्यात तरंगत होते.

चांगदेवने पान बाजूला केले. बाटली काढली. मोजनळी डोळ्यांसमोर धरली.

"चौतीस."

"येवढंच?" ठकुबाई म्हणाली. "आंगनात माझा त्येलाचा रिकामा डबा व्हता. चार बोटं पानी हाय त्यात. सरळ पत्र्याचा डबा, वरून खाली सारखा. परत बघ."

त्याने परत पाहिले. "चौतीसच हाय, वैनी."

मग त्याने सवयीने नरसाळे जागेवर बसवले आणि पान उचलून माझ्या तोंडावर ठेवले.

ठकुबाईने ते पाहिले.

"भावोजी," ती अगदी हळू म्हणाली, "ते पान थितं काय करतंय?"

"हे? हे रोजच असतं."

बोलता बोलता त्याचा हात थांबला. तो पानाकडे बघू लागला. जणू ते त्याला आत्ताच दिसले.

पानावरून एक थेंब घसरला आणि सगळ्यांच्या देखत बाहेर मातीत पडला.

पहिला बोलला मनोज. "काका, वहीत लिहिलं न्हाय ना अजून? आंगनातला डबा आनतो. त्यातलं पानी ह्याच्यात ओत. नळाचं थोडीच हाय? पाऊसच हाय तो."

मित्रांनो, माझे पत्रे गार पडले. मी पाऊस ओळखत नाही. मी फक्त पाणी ओळखतो. कुणी तांब्याने ओतले तरी मी ते पाऊस म्हणूनच सांगेन.

"किती ओतू?" चांगदेवने विचारले. "तू सांगशील तेवढं? आन् उद्या दुसरा कोन सांगंल तेवढं? मग ह्यो मापक कशाला? तुनाच हुबा करू कुंपनात."

"काका, आयचं शेत जाईल."

ते ऐकून चांगदेवने मान वर करून मनोजकडे पाहिले. मनोजला तर शेत गेलेलेच हवे होते! तरी तोच आईसाठी पाणी ओतायला निघाला होता. ठकुबाईनेही ते जाणले असावे. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ओतायचं न्हाय," ती म्हणाली. "डबा हाय तसा झाकून ठेव. मास्तरांना फोन कर. त्यांना दाखवू. खरं हाय ते दिसंल त्यांना."

मग ती घरातून विळा घेऊन आली. वेल तिचा होता. बुंध्यापासून कापला. तंतूचे वेढे एकेक करून माझ्या कडेवरून सोडवले. शेवटचा वेढा हाताने सुटेना, तेव्हा तिने तो तंतू दातांनी तोडला.

"डोळं फुटलं व्हतं माझं," एवढेच ती म्हणाली.

*

तोच दिवस. आकडा हवा: २६.

साठमधून चौतीस गेले, उरले सव्वीस. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सव्वीस मिलिमीटर पडायला हवे होते. आता माझे तोंड मोकळे होते.

असा दिवस मी दुसरा पाहिला नाही. कापलेले भात शेतात भिजत पडलेले, आणि गावातली माणसे बांधावर उभी राहून वर बघत पाऊस मागत होती. आणखी पड. आपल्याच भातावर पड. बुडवायचे तर पुरते बुडव. मैना हात जोडून पुटपुटत होती आणि मध्येच थांबली. आपण काय मागतो आहोत हे तिचे तिलाच ऐकू आले असावे.

दुपारी सर आली. मी आ वासून घेत होतो. एकही थेंब बाहेर जाऊ दिला नाही. मग सर थांबली. आभाळ उजळले. पश्चिमेला लख्ख ऊन पडले आणि ते ऊन बघून बांधावरची माणसे रडवेली झाली.

*

१६ ऑक्टोबर. पाऊस २२ मिमी.

दोन दिवसांचे छप्पन्न. चार कमी.

चिंतामणी सर आले. त्यांनी कापलेला वेल पाहिला. अंगणात जाऊन डब्यावरचे झाकण काढले, खिशातली फूटपट्टी पाण्यात उभी धरली, चष्मा पुसून दोनदा वाचले.

"अडुसष्ट," ते म्हणाले. "मावशी, एका दिवसात अडुसष्ट."

"मग?"

"मग काही नाही." सर तिथेच पायरीवर बसले. "करारात डबा नाही. करारात फक्त तो आहे." त्यांनी माझ्याकडे बोट केले.

"पन तुमाला पटलं ना?"

"मला पटलं. मी कळवीन. पण माझं पटणं कुठल्याच रकान्यात बसत नाही, मावशी."

त्यांनी खरोखर लांबलचक पत्र लिहिले. उत्तर दोन ओळींचे आले: नोंदलेला आकडा अंतिम आहे.

चाळीस घरांना काही मिळाले नाही. वेल कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होते. पाणवठ्यावर मैनाने मोठ्याने विचारले, "काय गो ठकुबाय, शिराल्याची भाजी गोड लागली का?" बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे झाले असते. ठकुबाईने कळशी उचलली आणि ती निघून आली. तिने नंतर कुठल्याच कुंपणाला बी खोचले नाही.

*

जानेवारी २००९. पाऊस ० मिमी. शेरा: चुना.

मनोज दोरी घेऊन आला खरा, पण त्याने ती उलगडलीच नाही.

"आये, यंदा राहू दे. पुढच्या साली बघू."

"शबूद दिलाय मी," ती म्हणाली. "धर दोरी." आणि दोरीचे दुसरे टोक तिने स्वतः धरले. चुन्याची पांढरी रेघ तिच्या पायांजवळून निघाली, शेतभर गेली आणि माझ्या कुंपणापासून पाच पावलांवर येऊन वळली.

*

मित्रांनो, आता शेवटचे. पुढे मला सांगायची भीती वाटते, म्हणून भरभर सांगतो.

त्या रेघेवर भिंत उभी राहिली. तीस फूट उंच. वर पत्र्याचे छप्पर. ती भिंत माझ्या पश्चिमेला आहे, आणि आमच्याकडे पावसाळ्याचा वारा पश्चिमेकडूनच येतो. तिरपा पाऊस भिंतीवर आपटतो आणि पलीकडेच राहतो. माझ्या वाट्याला वरून चुकलेला, उरलेला पाऊस येतो. पूर्वी पान होते, ते हाताने बाजूला करता येत होते.

मला इथून कुणी हलवले नाही. कंपनीच्या कागदांवर माझी जागा अजून तीच आहे: शेताची कड. चांगदेव आता गोदामाच्या फाटकावर नाव लिहून आत येतो. त्याने दोनदा फोन केला, भिंतीचे सांगितले. पलीकडून आवाज आला, "आकडा वेळेवर पाठवत जा."

ठकुबाईचे घर वगळून बाकीच्या एकोणचाळीस घरांनी यंदाही विमा उतरवला आहे. त्यांचे भात कापून शेतात पसरले आहे. म्हणून सांगतो, कुठेही पर्जन्यमापक दिसला, तर त्याचा आकडा ऐकण्याआधी त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. वर बघा. चारी बाजूंना बघा. आमच्या तोंडावर काय आहे ते आम्हाला सांगता येत नाही. ते तुम्हीच पाहायचे असते. आम्हाला पुसले नाहीत तरी चालेल, रंग दिला नाहीत तरी चालेल.

दिवस ऑक्टोबरचे आहेत. काल दुपारपासून गावात पाऊस कोसळतो आहे, भिंतीपलीकडे त्याचा मोठा आवाज येतो आहे. आत्ताच चांगदेव येऊन गेला. त्याने मोजनळी डोळ्यांच्या रेषेत धरली, दोनदा वाचली, आणि शेऱ्याच्या रकान्यात, जागा पुरत नव्हती तरी, बारीक अक्षरात लिहिले.

१७ ऑक्टोबर २००९. पाऊस १९ मिमी. शेरा: पश्चिमेला भिंत आहे. आकडा खरा धरू नये. कृपया कुणीतरी येऊन पाहा.